राखेचा बुधवार आणि धुतलेले तोंड : ख्रिस्ती उपवासातला बाह्य आचार कशासाठी?

झावळी | ५ मार्च २०२५, रात्री ९.४०

आज राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा, म्हणजे प्रायश्चित्तकाळाचा, पहिला दिवस. सकाळी साडेसहाच्या मिस्साला गेले, फादरांनी कपाळावर राखेचा क्रूस काढला, ‘तू माती आहेस आणि मातीलाच परत मिळशील’ हे शब्द उच्चारले, आणि तिथून मी थेट कामावर गेले. मी मूळची वसईची, गेली नऊ वर्षे पुण्यात नोकरी करते. आमच्या गावात या दिवशी ज्याच्या त्याच्या कपाळावर राख असते, त्यामुळे ती कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. इथे ती सगळ्यांना दिसली. लिफ्टमध्ये एका बाईंनी ‘कपाळाला काहीतरी लागलंय’ असे सांगून आपला रुमाल पुढे केला. दुपारी मी डबा उघडला नाही, तेव्हा गेल्याच बुधवारी महाशिवरात्र केलेल्या मैत्रिणीने ‘तुमच्या उपासाला काय काय चालतं?’ असे आपुलकीने विचारले. ज्याचा रोजा चालू होता त्या सहकाऱ्याने काहीच विचारले नाही. खिडकीजवळची खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि तो आपल्या कामाला लागला.

मला खटकले ते वेगळेच. आज वाचले जाणारे शुभवर्तमान मत्तयच्या सहाव्या अध्यायातले. उपास करता तेव्हा ढोंग्यांसारखे म्लानमुख होऊ नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, म्हणजे तुमचा उपास माणसांना न दिसता गुप्तवासी पित्याला दिसेल, असे येशू तिथे सांगतो. पहिले वाचन योएल संदेष्ट्याचे. वस्त्रे नव्हे, हृदये फाडा, असे त्यात आहे. ही दोन्ही वाचने ऐकून जेमतेम दहा मिनिटे होतात, आणि आम्ही सगळे रांगेत उभे राहून तोंडावर खूण करून घेतो. हे मी लहानपणापासून पाहत आले आहे, पण आज पहिल्यांदा ते मनात रुतले. दुपारी बेसिनपाशी जाऊन नळ सोडला, आरशात पाहिले, आणि तोंड न धुताच परत आले. ती श्रद्धा होती, हट्ट होता, की चारजणांत वेगळे दिसण्याची एक सूक्ष्म हौस होती, हे मला ठरवता येत नाही.

म्हणून विचारते. ख्रिस्ती श्रद्धेत बाह्य आचार नेमका कोणासाठी आहे? ख्रिस्ताने लपवायला सांगितलेली गोष्ट ख्रिस्तसभा कपाळावर का काढते? आणि सगळे आतल्या भावावरच अवलंबून असेल, तर उपाशी तरी का राहायचे? कॅथलिक, प्रोटेस्टंट, इतर कोणीही असाल, आणि ख्रिस्ती नसाल तरीही, तुमच्या घरातले सांगा.

शुक्रतारा | ५ मार्च, रात्री १०.१५

त्या उताऱ्यात येशू ‘उपास केलात तर’ असे म्हणत नाही, ‘उपास करता तेव्हा’ असे म्हणतो. दानधर्म, प्रार्थना आणि उपास या तिन्ही गोष्टी त्याने तिथे ओळीने घेतल्या आहेत आणि तिन्हींच्या बाबतीत एकच तक्रार केली आहे, की लोकांनी पाहावे म्हणून त्या केल्या जातात. प्रार्थना खोलीचे दार लावून करा असेही तो तिथेच सांगतो, पण म्हणून रविवारची सार्वजनिक उपासना बंद करा असे आपल्यापैकी कोणी म्हणत नाही. आक्षेप दिसण्यावर नाही, दिसण्यातून मिळणाऱ्या मोबदल्यावर आहे. ज्याला माणसांकडून वाहवा मिळाली, त्याचा हिशेब तिथेच चुकता झाला.

सीनाकाठ | ५ मार्च, रात्री ११.०५

मी नगरचा, अमेरिकन मिशनच्या परंपरेतल्या प्रोटेस्टंट मंडळीत वाढलेला. आमच्याकडे राख लावत नाहीत. आमच्या आजोबांच्या वेळी तर उपवासकाळाचे चाळीस दिवस मोजण्याचीही फारशी पद्धत नव्हती. उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) तीन तासांची उपासना आणि पुनरुत्थानाची पहाट एवढेच त्यांच्या लेखी मोठे दिवस होते. त्यामुळे झावळीताईंना आज जे खटकले, ते आम्हाला पहिल्यापासून खटकत आले आहे, आणि त्यामागे विचार आहे. खाण्यापिण्यावरून किंवा सणावारावरून कोणी तुमचा न्याय करू नये, असे पौल कलस्सैकरांना स्पष्ट लिहितो.

या प्रश्नावरूनच झुरिकमध्ये धर्मसुधारणेला तोंड फुटले. १५२२ च्या उपवासकाळातल्या पहिल्या रविवारी क्रिस्टोफ फ्रोशाउअर नावाच्या मुद्रकाच्या घरी काहीजणांनी, मांस वर्ज्य असताना, सॉसेज कापून खाल्ले. फ्रँकफुर्टच्या जत्रेसाठी पौलाच्या पत्रांची छपाई पूर्ण करायची आहे, रात्रंदिवस राबणाऱ्या माणसांना नुसत्या पेजेवर कसे ठेवू, असा त्याचा बचाव होता. धर्मसुधारक झ्विंग्ली तिथे हजर होता. त्याने स्वतः खाल्ले नाही, पण दोन आठवड्यांनी त्याने त्यावर प्रवचन केले आणि पुढे ते छापले. उपास करायचा असेल त्याने करावा, पण ख्रिस्ताने दिलेली मोकळीक दुसऱ्याकडून काढून घेऊ नये, हे त्याचे सांगणे होते. मला ते आजही पटते. उपास सक्तीचा झाला की तो नियम पाळण्याचा विषय होतो, आणि नियम पाळला की माणसाला आपण काहीतरी कमावले असे वाटू लागते. तारण कमावता येत नाही, ते कृपेने मिळते. सारा प्रश्न तिथे येऊन ठेपतो.

जुनी_वही | ६ मार्च, सकाळी ७.३०

सीनाकाठ, झुरिकचा प्रसंग तुम्ही नेमका सांगितलात, पण वाद त्याहून पुष्कळ जुना आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीचे किंवा दुसऱ्याच्या आरंभीचे मानले जाणारे ‘दिदाखे’ नावाचे एक छोटे शिक्षणपुस्तक आहे. ढोंगी लोक सोमवारी आणि गुरुवारी उपास करतात, तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा, असे त्यात लिहिले आहे. ख्रिस्ताने सांगितले की ढोंग्यांसारखे तोंड करू नका. पुढच्या दोन-तीन पिढ्यांत त्याचा अर्थ वार बदला एवढा उतरला. हे वाचून मला प्रथम वाईट वाटले होते. नंतर वाटले की नवा समाज आपली ओळख अशीच घडवतो, त्याला दिवस लागतात, खुणा लागतात.

दुसरी बाजूही तितकीच जुनी आहे. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस लियोंचे बिशप इरेनेयस यांनी रोमच्या बिशपांना पत्र लिहिले. पुनरुत्थानाच्या सणाआधी कोणी एक दिवस उपास करतो, कोणी दोन, कोणी अधिक, कोणी सलग चाळीस तास, आणि या वेगळेपणामुळे आपल्या श्रद्धेची एकवाक्यताच सिद्ध होते, असे त्यांनी त्यात म्हटले आहे. चाळीस दिवसांच्या काळाचा उल्लेख ३२५ च्या निकाया परिषदेच्या पाचव्या नियमात येतो, म्हणजे तोवर तो रूढ झालेला होता. सक्ती आधी आली आणि मोकळीक झ्विंग्लीने आणली असे चित्र त्यामुळे पुरते खरे नाही. आधी वैविध्य होते, एकसारखेपणा नंतर आला.

आणि अंतःकरणाची आठवण करून देणारे प्रत्येक काळात होते. ३८७ साली अंत्युखियात लोकांनी सम्राटाचे पुतळे फोडले आणि शहर शिक्षेच्या भीतीने थरथरत होते. तो उपवासकाळ होता. तेव्हा तिथले धर्मोपदेशक योहान क्रिसोस्तोम यांनी दिलेल्या प्रवचनांत ते विचारतात, की पक्षी आणि मासे वर्ज्य करून आपण भावाबहिणींचे लचके तोडत असू तर काय साधले? तोंडाबरोबर डोळ्यांनी, कानांनी, हातांनी आणि पायांनीही उपास करावा, असे ते सांगतात. मात्र तोंडाचा उपास सोडून द्या असे ते कुठेही म्हणत नाहीत.

पेठकर | ६ मार्च, सकाळी ९.१०

सॉसेजच्या प्रसंगावरून आपल्याकडचे पंचहौद मिशनचे चहा-प्रकरण आठवले. १८९० साली पुण्यात मिशनऱ्यांनी पुढे केलेला चहा रानडे, टिळक आणि इतर अनेकांच्या समोर आला, आणि पुढे तो घेतला की नाही, प्रायश्चित्त केले की नाही, यावर वर्षानुवर्षे रण माजले. धर्म वेगळा, काळ वेगळा, पण काय पोटात गेले यावरून माणूस आत की बाहेर हे ठरवण्याची रीत सारखीच. बाह्य आचार आधी समाजाचा असतो आणि मग देवाचा होतो, असे मला वाटते.

किनाऱ्यावरचा | ६ मार्च, दुपारी १.२०

माझा प्रश्न अगदी ताटातला आहे. आम्ही अर्नाळ्याच्या बाजूचे. प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी आमच्या घरी मटण किंवा कोंबडी नसे, आणि त्या दिवशी आई पापलेटाचे कालवण करी. नियम पाळला जाई आणि जेवण रोजच्यापेक्षा चांगले होई. लग्नानंतर जालन्याकडच्या माझ्या मेव्हणीने हे ऐकले तेव्हा ती गंभीरपणे म्हणाली, ‘आमच्याकडे मासळी परवडत नाही, मटण वर्षातून चारदा; आम्ही काय सोडायचं?’ मला त्याचे उत्तर देता आले नाही आणि आजही ते सुचलेले नाही.

मांस हे मेजवानीचे अन्न आणि मासळी गरिबाचे, असे जिथे होते तिथे हा नियम घडला. किनाऱ्यावर तो शब्दशः पाळला तर आतून पोकळ होतो. माझ्या वडिलांना हे कळत होते. ते शुक्रवारी मासळीही खात नसत; भात, वरण आणि कांदा एवढेच घेत, पण आम्हा मुलांना कधी त्याचे कारण सांगितले नाही. ते गेल्यावर आईने सांगितले. मत्तयचा सहावा अध्याय मला त्या दिवशी समजला.

कोट्टयम_ते_पिंपरी | ६ मार्च, रात्री ८.००

मी मल्याळी, पण पिंपरीत जन्मले आणि मराठी शाळेत शिकले. आमची मलंकारा ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभा. आमच्यात राखेचा बुधवार नाही. पन्नास दिवसांचा मोठा उपवास, ज्याला आम्ही ‘नोंबु’ म्हणतो, तो यंदा सोमवारी ३ मार्चलाच सुरू झाला. या काळात मांस, मासे, अंडी, दूध, तूप यांतले काहीही घरात येत नाही. त्याशिवाय ख्रिस्तजन्माआधी पंचवीस दिवस, निनवेचे तीन दिवस, आणि वर्षभर बुधवार-शुक्रवार, म्हणजे जुनी_वही यांनी सांगितलेले तेच वार.

मला सांगायचे आहे ते सोमवारच्या ‘शुब्कोनो’ या विधीविषयी. मोठ्या उपवासाच्या पहिल्या सोमवारी प्रार्थनेनंतर सगळे एकमेकांची क्षमा मागतात. आधी अच्चन, म्हणजे आमचे धर्मगुरू, लोकांकडे क्षमा मागतात, मग लोक त्यांच्याकडे आणि एकमेकांकडे. मी बारा वर्षांची असताना आई आणि काकू यांच्यात घरावरून अबोला होता. त्या सोमवारी दोघी समोरासमोर आल्या. विधी म्हणून दोघींनी हात पुढे केले, ठरलेले शब्द म्हटले, आणि मग काकू रडू लागली. मनातून वाटले तरच क्षमा मागायची असे ठरवले असते, तर त्या दोघी आजतागायत थांबल्या असत्या. हाताने आधी केले आणि मन मागून आले. म्हणून बाह्य आचाराला मी खालच्या पायरीवर ठेवत नाही.

तुळस_अंगणातली | ६ मार्च, रात्री ९.२५

मी ख्रिस्ती नाही, पण धागा मन लावून वाचते आहे. आमच्याकडे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण याच दुखण्यावर आहे; साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी आणि बटाट्याचे पापड असा उपास मी स्वतः केलेला आहे. पण माझी आजी निर्जळी एकादशी करी आणि त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर एक शांतपणा असे, तोही मी पाहिलेला आहे.

एक जिज्ञासा आहे. आमच्या व्रतांच्या पोथीत शेवटी फळ सांगितलेले असते. सोळा सोमवार केले की अमुक, संकष्टी केली की तमुक. तुमच्या उपासाचे फळ काय? सीनाकाठ म्हणतात की त्याने काही कमावता येत नाही. मग सर्वसामान्य माणूस चाळीस दिवस कशाच्या आशेवर काढतो?

धर्मशिक्षक_निवृत्त | ७ मार्च, सकाळी ६.४५

तुळसताई, प्रश्न मुळाशी जाणारा आहे. मी एकतीस वर्षे धर्मग्रामात मुलांना धर्मशिक्षण दिले, आणि मुले हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारत, की चॉकलेट सोडले तर देव काय देईल?

कॅथलिक नियम आज अगदी थोडा उरला आहे, हे प्रथम सांगतो. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी जुने नियम सैल केले. आता राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार हे दोनच दिवस उपासाचे. त्या दिवशी एक पुरते जेवण आणि दोन वेळा थोडेसे खाणे चालते. वय वर्षे १८ पूर्ण झालेल्यांपासून साठावे वर्ष लागेपर्यंतच्यांना तो लागू आहे. शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याचा नियम चौदा वर्षे पूर्ण झाल्यापासून लागू होतो, आणि त्याऐवजी दानधर्म किंवा भक्तीचे दुसरे कृत्य ठरवण्याची मुभा प्रांतोप्रांतीच्या बिशप परिषदांना दिलेली आहे. किनाऱ्यावरच्या बंधूंच्या मेव्हणीला मी हेच म्हटले असते, की ज्याच्या ताटात वर्षभर उपासच आहे, त्याच्याकडून ख्रिस्तसभा आणखी काही मागत नाही.

नियम एवढे बदलत असतील तर त्यांत पवित्र ते काय, असे कोणी विचारील. माझी आई ख्रिस्तशरीर स्वीकारण्यासाठी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंब घेत नसे. १९५३ मध्ये पाण्याची मोकळीक मिळाली, १९६४ मध्ये तो उपास एक तासावर आला. आईने मात्र शेवटपर्यंत मध्यरात्रच पाळली, आणि आम्हाला कधी पाळायला लावली नाही.

फळाविषयी. यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात लोक देवाला विचारतात, की आम्ही उपास केला आणि तू पाहिले का नाहीस? उत्तर येते ते असे, की उपासाच्या दिवशीही तुम्ही मजुरांना पिळता, भांडता, ठोसे मारता; मला हवा असलेला उपास म्हणजे अन्यायाच्या बेड्या तोडणे, आपली भाकर भुकेल्याला वाटून देणे, उघड्याला वस्त्र घालणे. म्हणजे माझ्या उपासाचे फळ दुसऱ्याच्या ताटात पडायचे असते. पोप लिओ पहिले यांनी पाचव्या शतकातल्या प्रवचनांत तेच सांगितले, की आपल्या उपासाने वाचलेले गरिबांच्या मुखी जावे. आमच्या वर्गात कागदाचा एक डबा असे. मुलांनी खाऊचे पैसे त्यात टाकायचे आणि किती टाकले ते कोणाला सांगायचे नाही. त्या ‘सांगायचे नाही’ मध्येच त्यांचा खरा उपास होता, खाऊ सोडण्यापेक्षा ते त्यांना पुष्कळ जड जाई.

सीनाकाठ यांच्या शंकेला संन्याशांच्या परंपरेतही जागा आहे. संत बेनेडिक्ट यांच्या मठनियमाच्या एकोणपन्नासाव्या प्रकरणात म्हटले आहे, की उपवासकाळात जे काही अधिक करायचे ते मठाधिपतीला सांगून, त्याच्या संमतीने करावे. नाहीतर ते गर्वाच्या खात्यात जमा होईल. संन्यासी लेखक कासियन यांनी इजिप्तच्या वाळवंटातल्या एका वृद्ध तपस्व्याचे बोल नोंदवले आहेत. पाहुणा आला म्हणून त्याने उपास मोडला आणि म्हणाला, की उपास माझ्यापाशी नेहमीच आहे, तुम्ही मात्र नेहमी नसता.

रात्रपाळी | ७ मार्च, सकाळी ८.३०

मी परिचारिका आहे. उत्तम शुक्रवारी इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलेल्या एका आजींना आमच्याकडे आणले होते, साखर पन्नासच्या खाली उतरली होती. शुद्धीवर आल्यावर पहिले वाक्य, ‘बाई, माझा उपास मोडला का?’ त्यांना कोणीही सक्ती केलेली नव्हती. वयाने तर त्या कधीच्या मोकळ्या झाल्या होत्या. ग्लुकोज लावणारी मी होते आणि मलाच अपराधी वाटले. फादर आले, त्यांनी आजींच्या तोंडात स्वतःच्या हाताने पेजेचा चमचा घातला आणि ‘आज हीच तुमची आज्ञापालनाची भक्ती’ असे म्हणाले. आजींनी तो चमचा ज्या कष्टाने गिळला, तेवढा कष्टाचा उपास मी पाहिलेला नाही. मधुमेह, गरोदरपण, मूत्रपिंडाचे आजार असलेल्या कोणीही डॉक्टरांना विचारल्यावाचून उपास करू नये, एवढे इथे वाचणाऱ्या सर्वांना कळकळीने सांगते.

बाहेरचा_रस्ता | ७ मार्च, दुपारी १२.५०

वरचे सगळे वाचून मला एक गोष्ट नोंदवावीशी वाटते, कारण ती अजून कोणी मांडलेली नाही. झावळी लिहितात की गावात सगळ्यांच्या कपाळावर राख असते म्हणून ती कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. ज्याच्या कपाळावर नसते, तो मात्र सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो. मी सोळा वर्षांचा असताना प्रायश्चित्तकाळातल्या एका शुक्रवारी स्टेशनबाहेर अंडाभुर्जी खाल्ली. अंडे निषिद्धही नव्हते, पण पाहणाऱ्याने घरी मटण म्हणून सांगितले. वडील मला रागावले नाहीत, ते रविवारी चर्चच्या मागच्या बाकावर जाऊन बसले. माझ्यामुळे त्यांनी आपली पुढची जागा सोडली, हे मी विसरू शकलो नाही. आज मी कुठल्याच उपासनेला जात नाही. ख्रिस्ताविषयी माझ्या मनात कटुता नाही, पण एकमेकांच्या ताटांत डोकावणाऱ्या समाजाविषयी आहे. आचार सामूहिक असला की त्यात दिखाऊपणा उरत नाही असे कोणी म्हणेल, तर तिथे पहारा सुरू होतो हेही त्याने पाहावे.

झावळी | ७ मार्च, दुपारी २.०५

बाहेरचा_रस्ता, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. माझ्या वाक्यातली ही दुसरी बाजू मला खरोखरच दिसली नव्हती, कारण माझ्या कपाळावर नेहमीच राख होती. आमच्या गल्लीत एक काका राख लावायला येत नसत, आणि ते येत नाहीत हे आम्हा पोरांनाही ठाऊक होते. त्यांच्याकडे आम्ही कसे पाहत असू, याचा मी आजवर विचार केला नव्हता.

मांडवीतीर | ७ मार्च, रात्री ९.५०

पहारा हा शब्द वाचून गोव्याचा माणूस गप्प बसू शकत नाही. इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या धर्मन्यायालयाने, १७३६ साली काढलेल्या आदेशात नवख्रिस्ती लोकांनी अंगणात तुळस ठेवू नये, एकादशी पाळू नये, इथपर्यंत बारीक मनाया होत्या. पोटात काय गेले नाही, यावरूनही माणूस संशयित ठरत होता. आचार फक्त वरवरचा असता, तर सत्तेने त्याच्यामागे एवढा पहारा बसवला नसता.

त्याच मातीत बाह्य आचाराचे दुसरे रूपही आहे. गोवा वेल्हा येथे प्रायश्चित्तकाळाच्या पाचव्या आठवड्यातल्या सोमवारी संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते. माणसे खांद्यावर त्या जड मूर्ती घेऊन चालतात, आणि रस्त्याच्या कडेला हिंदू शेजारीही हात जोडून उभे असतात. मी कॉलेजात असताना हे सगळे मला निरर्थक वाटे. वडिलांच्या आजारपणाच्या वर्षी मी पहिल्यांदा मूर्तीखाली खांदा दिला. प्रार्थनेला शब्द सुचत नव्हते, आणि खांद्यावरचे ओझे पुरेसे होते.

सीनाकाठ | ८ मार्च, सकाळी १०.३०

दोन दिवस विचार करतो आहे. बाहेरचा_रस्ता यांचा अनुभव माझ्या बाजूचा पुरावा आहे, असे पहिल्यांदा वाटले. मग आमच्याच मंडळीकडे पाहिले. आमच्यात राख नाही, पण शुक्रवारची उपवास-प्रार्थना आहे, आणि तिला कोण आले नाही हे आमच्याकडेही मोजले जाते. मी स्वतः मोजले आहे. पाळकांच्या गैरहजेरीत हजेरीची वही माझ्याकडे असे.

आणखी एक कबुली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आमच्या मंडळ्यांना अभंग आणि कीर्तन दिले. टाळ-मृदंगावाचून आमची भक्ती पुरी होत नाही, आणि ते बाह्य आहे म्हणून कोणी ते खालच्या दर्जाचे मानत नाही. ल्यूथरच्या १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीत प्रभुभोजनाविषयीचे वाक्य काल पुन्हा पाहिले. उपास आणि देहाची तयारी हे चांगले बाह्य वळण आहे, पण खऱ्या अर्थी योग्य तोच, ज्याचा त्या वचनावर विश्वास आहे, असे तो म्हणतो. लहानपणी आम्हाला उत्तरार्धच जोरात शिकवला गेला. ‘चांगले वळण’ हे शब्द त्याच्या आधी आहेत. राखेविषयी माझे मत बदललेले नाही, पण ते मांडण्याचा माझा आवाज परवापेक्षा खाली आला आहे.

शुक्रतारा | ८ मार्च, दुपारी ३.४०

मूळ प्रश्नाकडे परत येते. कपाळच का, याचे उत्तर असे, की कपाळ अनिवार्य नाही. इटलीसह अनेक देशांत राख डोक्यावर, केसांत टाकतात. ती कोणाला दिसत नाही. २०२१ मध्ये साथीमुळे सगळीकडे तसेच करण्याची सूचना रोमहून आली होती, आणि आमच्याकडे फादरांनी ते शब्द एकदाच सर्वांसाठी उच्चारून, न बोलता प्रत्येकाच्या डोक्यावर चिमूटभर राख टाकली. मला त्या वर्षी चुकल्यासारखे वाटले. ती राख मला दिसत नव्हती आणि समोरच्याचीही दिसत नव्हती. तेव्हा समजले, की माझ्या कपाळावरची राख मला स्वतःला कधीच दिसत नाही, मला दिसते ती शेजारच्याची. माझे मरण मला दुसऱ्याच्या चेहऱ्यावर वाचायला मिळते आणि त्याचे त्याला माझ्या. दवंडी पिटण्याचा यात संबंध येत नाही.

पण हे चर्चच्या आत. चर्चबाहेर पडल्यावर ती ठेवावी की पुसावी, यावर नियम नाही. माझे यजमान दारातच पुसतात, मी ठेवते, आणि पंचवीस वर्षांत आमचे यावर एकमत झालेले नाही.

कोट्टयम_ते_पिंपरी | ८ मार्च, सायंकाळी ६.१०

शुक्रताराताई, आमच्याच केरळमधल्या सिरो-मलबार कॅथलिकांत राख सोमवारी लावतात, बुधवारी नव्हे. माझ्या शेजारच्या घरी या सोमवारी राख होती, आमच्या घरी क्षमा होती, आणि दुपारी दोन्ही घरांत एकच पेज-भाजी होती.

झावळी | १३ एप्रिल, रात्री ८.२०

धागा महिनाभर मनात होता, म्हणून परत लिहिते आहे. आज झावळ्यांच्या रविवारासाठी (पाम संडेसाठी) गावी आले आहे.

त्या बुधवारी मी तोंड धुतले ते संध्याकाळी खोलीवर आल्यावर. दुसऱ्या दिवशी लिफ्टमधल्या बाई पुन्हा भेटल्या, ‘काल चुकून काही बोलले का?’ असे विचारू लागल्या, आणि त्या निमित्ताने आम्ही पहिल्यांदा एकमेकींची नावे विचारली. त्यांच्या सासूबाई चतुर्थीला उपाशी राहून दिवसभर सगळ्यांवर चिडतात, आणि आमच्या घरी उत्तम शुक्रवारी मी चिडते, हे एकमेकींना सांगून झाले. त्यानंतरच्या शुक्रवारी मी डबा घरून नेहमीसारखाच भरून नेला आणि इमारतीच्या रखवालदाराच्या टेबलावर ठेवून वर गेले. कोणी पाहिले नाही याची काळजी घेतली, आणि ती काळजी घेताना आपण किती चांगल्या आहोत हे स्वतःलाच सांगत होते हेही लक्षात आले. म्हणजे धर्मशिक्षक म्हणतात ते गर्वाचे खाते बंद दाराआडही उघडता येते. पाचव्या शुक्रवारी रखवालदारांनी डबा परत देताना त्यात चार भाजलेल्या शेंगा ठेवल्या होत्या, आणि त्या दिवशी मात्र मी स्वतःचा विचार केला नाही.

आज सकाळी मिस्सानंतर मी त्या काकांच्या घरी गेले, जे राख लावायला येत नसत. आता ते एकटेच असतात. ख्रिस्तसभेचा विषय मी काढला नाही. निघताना त्यांनी माझ्या हातातली झावळी पाहिली आणि ‘एक पात दे’ म्हणाले. मी पात वेगळी करून दिली. त्यांनी ती भिंतीवरच्या पत्नीच्या तसबिरीमागे खोचली.

उरलेली झावळी पुण्याला नेईन. गेल्या वर्षीची अजून क्रुसामागे आहे, वाळून पिवळी पडली आहे. पुढच्या वर्षी राखेसाठी जुन्या झावळ्या मागतील, तेव्हा ती देऊन टाकीन.